वावर पिवळं व्हायची वाट

खानदेशातल्या शिंदखेड्यातून बाहेर पडायला जेवढे रस्ते आहेत, तेवढ्या रस्त्यांना एखादी तरी कमान लागतेच. कमानीवर देवाचं नाव असतं आणि पुढे 'नगर' किंवा 'पार्क'. आत शिरलं की मात्र नगरही नसतं आणि पार्कही नसतो. मुरमाचा एक रस्ता सरळ जातो आणि शेजाऱ्याच्या बांधापाशी मुकाट थांबतो. दोन्ही बाजूंना फक्कीने ओढलेल्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला रोवलेले सिमेंटचे खुंट आणि पाण्यावाचून तग धरून असलेली अशोकाची चार रोपं. मधेच गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या उभ्या, कारण मालकाने कापूस वेचला पण पऱ्हाट्या उपटायच्या आधीच त्याला प्लॉटिंग सुचलं. रस्त्याकडेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'एनए प्लॉट, बुकिंग चालू'. गाडी थांबवून नीट वाचलं तर 'एनए' आणि 'प्लॉट' यांच्या मधे मुंगीएवढ्या अक्षरांत 'होणारे' असंही असतं.

बाहेरगावचा माणूस ही पाटी वाचून हसतो. आमचा माणूस वाचतो आणि विसार देतो. कारण त्याला ठाऊक आहे की वावर आज एनए, म्हणजे बिनशेती, नसलं तरी कधीतरी होणारच. आमच्याकडे जमिनीचा कायदा कोणी मोडत नाही. लोक त्याच्या आधी जाऊन बसतात, एवढंच. कायदा मागाहून येतो, सगळे बसलेले बघतो आणि मग म्हणतो, "बरं, बसलात तर बसा."

या विषयातले जाणकार वकिलाच्या ऑफिसात सापडतात असा शहरी लोकांचा समज आहे. तालुक्याच्या गावी ते चहाच्या टपरीवर सापडतात. प्रत्येक टपरीला एक आप्पा नेमून दिलेले असतात. आप्पांची शाळा सातवीत सुटली, पण कलम बेचाळीस-ड त्यांना तोंडपाठ. एखादा पोरगा घाबरत विचारतो, "आप्पा, मनं हाई वावर पिवयं कधी व्हई?" आप्पा बशीतला चहा संपेपर्यंत उत्तर देत नाहीत. मग म्हणतात, "व्हई ना भो. सरकारले घाई नही, तुले काब्र घाई शे?" खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, वावर पिवळं होणं म्हणजे पिकावर रोग पडणं नव्हे. नगररचनेच्या नकाशात शेतीचा पट्टा हिरवा असतो आणि रहिवासाचा पिवळा. हिरवं वावर एकरावर विकलं जातं, पिवळं चौरस फुटावर. वावर तेच, माती तीच, बांधावरची बाभूळही तीच.

या सगळ्या भानगडीचं मूळ १९६६ सालात आहे. त्या एका वर्षात राज्याने जमिनीसाठी दोन कायदे केले. एक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. एकाच वर्षी जन्मलेले हे दोन भाऊ, पण चुली पहिल्या दिवसापासून वेगळ्या. नंबर बघितला तर नगररचनेचा कायदा त्या वर्षाचा ३७ वा आणि महसुलाचा ४१ वा, म्हणजे नगररचना चार नंबरांनी थोरला. पण घरात चालतं ते धाकट्याचंच, कारण सातबारा त्याच्या ताब्यात. महसूल तहसील कचेरीत बसतो आणि जमिनीला एकच विचारतो, "शेती का बिनशेती?" नगररचना जिल्ह्याच्या गावी बसतो. त्याच्याकडे रंगाची पेटी आहे. शेतीला हिरवा, रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्याला जांभळा. महसुलाने बिनशेती म्हटलेली जमीन नगररचनेच्या नकाशात हिरवी असू शकते आणि नगररचनेने पिवळी रंगवलेली जमीन महसुलाच्या दप्तरी बाजरीची असू शकते. दोघांचं बोलणं व्हायचं ते फक्त पत्राने, आणि पत्र पोचवायला अर्जदाराने स्वतः जायचं.

जुन्या काळी एनए करणं म्हणजे काय प्रकरण होतं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. अर्ज कलम ४४ खाली. सोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि ले-आउटच्या इतक्या प्रती की सायक्लोस्टाइलवाला ओळखीचा व्हायचा. मग 'ना हरकत' गोळा करत फिरायचं. नगररचनेची, बांधकाम खात्याची, आरोग्य खात्याची, वीज मंडळाची, भूसंपादनाची. तलाठ्याने सर्कलकडे पाठवायचं, सर्कलने तहसीलला, तिथून प्रांताकडे, तिथून कलेक्टर कचेरीत. कायद्यात अर्जदाराच्या बाजूचंही एक वाक्य होतं. नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. हे वाक्य वाचून कोणालाही भरून यावं. पण बँकेच्या मॅनेजरला सांगून बघा, की साहेब, नव्वद दिवस झाले, आता परवानगी मिळाली असं मी मानतो, तुम्हीपण माना आणि कर्ज द्या. तो चष्मा काढून तुमच्याकडे बघतो आणि सनद मागतो.

म्हणून लोकांनी सोपा मार्ग काढला. आधी घर बांधलं. सातबाऱ्यावर पीक 'बाजरी' आणि जागेवर दोन मजली आरसीसी, वर पाण्याची काळी टाकी, असं दृश्य तालुक्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदलं. पीकपाहणी कागदावर होती तोवर या बाजरीला कोणी धक्का लावला नाही. २०२१ साली ई-पीक पाहणी आली आणि मोबाइलमधून पिकाचा फोटो काढायची पंचाईत झाली. गच्चीवर कुंडीत बाजरी लावली तर चालेल का, हे एकाने विचारून पाहिलं म्हणतात. नव्या सातबाऱ्यात तर सरकारनेच प्रामाणिकपणा केलाय. जमीन बिनशेती झाली की पिकाचा नमुना बाराच द्यायचा नाही. सात राहतो, बारा जातो, तरी माणसं त्याला सातबाराच म्हणतात.

या दोन भावांच्या वर घरात एक आजोबाही आहेत. १९४७ सालचा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा. आजोबांचं म्हणणं साधं होतं. वाटण्या होऊन होऊन वावरांच्या चिंध्या होतात, चार काकऱ्यांच्या पट्ट्यात औत फिरत नाही, तेव्हा एका ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा कोणी विकू नये. विकायचाच तर लगतच्या खातेदाराला विकावा. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आजोबांच्या डोळ्यांसमोर औत होतं आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर टू बीएचके. शिक्षकाची नोकरी लागलेला, एसटीत चिकटलेला, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करून चार पैसे बाजूला टाकलेला माणूस वावर घ्यायला येतच नव्हता. त्याला दोन गुंठे हवे होते, एक खोली पुढे, एक मागे आणि दारात मोटरसायकल. कायद्याचं माप आणि माणसाची गरज यांची गाठच पडली नाही.

गाठ पडली नाही की युक्ती निघते. दहा जणांनी मिळून एक एकर घ्यायचा आणि सातबाऱ्यावर दहा नावं सामाईक चढवायची. जागेवर कोणाचं खुंट कुठलं, ते तोंडी. सामाईक सातबाऱ्याचा एक उतारा माझ्या पाहण्यात आहे. नावं संपेपर्यंत पान संपलं आणि दुसऱ्या पानावर जी नावं गेली, ती माणसं पहिल्या पानावरच्यांशी बोलत नाहीत. जिथे तेवढंही जमलं नाही तिथे बाँडवर साठेखत, खाली दोन साक्षीदार आणि गणपतीचं चित्र. कर्ज नाही, नकाशा मंजूर नाही, मीटर मिळेल की नाही देवास ठाऊक. पण वास्तुशांत थाटात होते आणि जेवायला तेच लोक येतात ज्यांनी नोंदीला नकार दिला होता.

आता कायद्याने काय केलं ते बघा, कारण खरी मौज तिथे आहे. २०१७ च्या दुरुस्तीने सरकार म्हणालं, १५ नोव्हेंबर १९६५ पासून झालेले असे बेकायदा तुकडे आम्ही नियमित करतो, पण बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरा. कायद्याला घाबरणारे थोडे लोक गेले, दागिने मोडले, पैसे भरले, पावती फ्रेम करून ठेवली. आप्पा टपरीवरून हलले नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात अध्यादेश आला. २५ नको, ५ टक्के भरा. आणखी काही लोक उठले. आप्पांनी दुसरा चहा मागवला. २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, आता काहीच भरू नका. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकडे फुकट नियमित. एकोणसाठ वर्षं चुकीचं केलेलं सगळं एका सहीने बरोबर. ज्याने २५ टक्के भरले होते तो पावती घेऊन टपरीवर आला आणि कोणाशी न बोलता बसून राहिला. आप्पांनी त्याचाही चहा सांगितला. ऐपतीप्रमाणे प्रत्येक जण आपापलं प्रायश्चित्त घेतो.

मधल्या काळात कायदा एकदा कडकही झाला होता, ते विसरून चालणार नाही. जुलै २०२१ मध्ये नोंदणी खात्याने परिपत्रक काढलं की असल्या तुकड्यांचे दस्त नोंदवूच नका. रजिस्ट्री ऑफिसबाहेरचा स्टँप व्हेंडर त्या पावसाळ्यात माश्या मारत बसला. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने मापच बदललं. बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. पूर्वी दोन एकर जिरायत असल्याशिवाय तुकडा पाडता येत नव्हता अशा तालुक्यांत एकदम अर्धा एकर पुरला. मार्च २०२४ मध्ये आणखी सूट आली. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी, घरकुलासाठी त्याहूनही लहान तुकडा घेता येईल. शिंदखेडा हा पावसाने कायम पाठ फिरवलेला तालुका. बुराई नदीला पाणी बघायचं तर पोळ्याच्या सुमारास नशीब काढून जावं लागतं. अशा गावात एकाएकी कित्येकांना विहिरीची तहान लागली असेल, तर ती सगळी पाण्याचीच होती असं मी म्हणणार नाही.

या चार-पाच वर्षांत जमिनीच्या व्यवहारात नेमकं काय चालतं, हे सांगू शकणारा माणूस राज्यात उरलाच नसेल. तलाठी सांगेल म्हणावं तर २०२४ साली तलाठ्याचं नावच बदललं. आता तो ग्राम महसूल अधिकारी आहे. लोक मात्र "तलाठीभाऊ" म्हणूनच हाक मारतात आणि तोही त्याच नावाला ओ देतो. माणसाचं नाव बदललं की स्वभाव बदलतो असं सरकारला का वाटतं, कोण जाणे.

सगळ्यात जास्त करमणूक मात्र दोनशे मीटरच्या नियमाने केली. २०१७ साली महसूल कायद्यात बेचाळीस-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतची जमीन, नकाशातल्या वापरासाठी, बिनशेती झाली असंच समजायचं. पैसे भरा, सनद घ्या. कचेऱ्यांच्या फेऱ्या एका फटक्यात कमी झाल्या. कायदा खरोखर चांगला. फक्त त्याने गावभर टेप फिरवायला लावला. दोनशे मीटर कुठून मोजायचे? गावठाणाच्या हद्दीवरून. हद्द कुठे? जुन्या दगडावरून. दगड कुठे? तो एकाने गोठ्याच्या पायात घातला. मग मारुतीच्या देवळामागून मोजा, नाही शाळेच्या कुंपणापासून मोजा, यावरून जी चर्चा झाली तिच्यात तीन पिढ्यांची भाऊबंदकी निघाली. टेप सरळ जातो, त्याला बांध कळत नाही. एका वावरात तो लिंबाच्या झाडापर्यंत पोचला आणि विहिरीच्या अलीकडे थांबला. झालं. लिंब बिनशेती, विहीर शेती. त्या मालकाने वाटणीत लिंबाकडची बाजू मोठ्या मनाने भावाला दिली होती. दुसऱ्या दिवशी तो वाटणी मोडायला तहसीलला हजर.

तोवर गावाचंही रूप पालटलं होतं. २०१४ साली राज्य सरकारने ठरवलं, की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत शोभत नाही, नगरपंचायत पाहिजे. त्या लाटेत शिंदखेडाही नगरपंचायत झालं. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. सतरा नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले, घंटागाडी आली. आणि आला तो डीपी. नगरपंचायत म्हणजे कायद्याने नियोजन प्राधिकरण, आणि नियोजन प्राधिकरण म्हटलं की शहराची विकास योजना हवी, तिलाच डीपी म्हणतात. गावात डीपी येणार हे ऐकून शेतकऱ्यांनी आधी विचारलं ते असं, की किती एचपीच्या मोटारी चालतील? आमच्याकडे डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो जळला की पंधरा दिवस नवा येत नाही. नगररचनेचा डीपी यायला पंधरा वर्षं लागली तरी तक्रार नाही, आम्हाला सवय आहे.

विकास योजना कशी होते? आधी जागेवर जाऊन आहे त्या वापराचा नकाशा करतात. कुठे घर आहे, कुठे दुकान, कुठे उकिरडा. मग पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधून रस्ते आखतात आणि आरक्षणं टाकतात. इथे बाग, तिथे शाळा, पलीकडे भाजी मार्केट. एसीत बसलेल्या माणसाला ती मोकळी जागा दिसते. जागेवर ते कोणाचंतरी दादरचं वावर असतं. मुंबईच्या लोकांसाठी, दादर म्हणजे ज्वारी, स्टेशन नव्हे. ज्याच्या वावरावर बाग पडली, त्याचं झोप उडालेलं तोंड तुम्ही बघितलं नसेल. वावर विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि बागही होत नाही, कारण पैसे नाहीत. कायद्यात यावर कलम १२७ चा उतारा आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यायची आणि मुदतीत सरकार हललं नाही तर आरक्षण व्यपगत. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती एक वर्षाची झाली, २०१५ मध्ये दोन वर्षांची. मालकाला सरकारने नवीन काय दिलं, असं कोणी विचारलं तर सांगता येतं, की स्वतःला जास्त वेळ दिला.

विकास योजनेपाठोपाठ २०२० च्या डिसेंबरात नियमांचा एक जाडजूड ग्रंथ आला. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. मुंबई आणि काही थोडे भाग सोडले तर सगळ्या राज्याला एकच पोथी. विचार उत्तम, कारण त्याआधी प्रत्येक गावाची पोथी वेगळी होती आणि ती वाचता येणारा गुरव एकच असायचा. नव्या पोथीत छोट्या माणसाची सोयही केलीय. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं घर बांधायला परवानगीची वाट बघायची गरज नाही, नकाशा आणि फी भरून कळवलं की झालं. पण बाकीची पानं वाचताना शिंदखेड्याच्या माणसाला परदेशवारीचा आनंद मिळतो. उंच इमारतींचे जिने, आगीची लिफ्ट, तळघरातलं पार्किंग. आमच्या गावातली उंच इमारत म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिला लिफ्ट लागत नाही कारण तिच्यात चढणारं पाणीच कमी. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवायची व्यवस्था सक्तीची आहे. आम्ही व्यवस्था करायला एका पायावर तयार आहोत. पावसाची व्यवस्था कोणत्या कलमात आहे ते तेवढं सांगावं.

आता थोडं जुनं. आमच्या मुलखात जमिनीच्या मापनकलेचा इतिहास भलता तिखट आहे. इंग्रजांनी खानदेशात महसुली मोजणी सुरू केली तेव्हा, १८५२ साली, सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी हजारोंनी जमून ती अडवली. मोजणीदारांना पळ काढावा लागला आणि सरकारला फौज आणावी लागली. माझ्या मते जमिनीच्या नकाशावर खानदेशाने घेतलेली ती पहिली जाहीर हरकत. सुनावणीची पद्धत तेवढी वेगळी होती. सर्व्हे नंबर मात्र शेवटी पडलेच, आणि आज त्याच नंबरांवर आम्ही प्लॉट पाडतो. नियोजनाचा कायदा त्यानंतर सवडीने आला. १९१५ सालचा मुंबईचा नगररचना कायदा देशातला पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास योजना सक्तीची केली आणि मग ते १९६६ चे भाऊ.

जमिनीचा वापर बदलण्याची सगळ्यात मोठी हौस मात्र सरकारलाच असते, आणि तिथे हसू येत नाही. विखरण आमच्याच तालुक्यातलं. वीज प्रकल्पासाठी तिथल्या जमिनी घेतल्या. ऐंशी ओलांडलेले धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन त्यात गेली आणि मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. न्याय्य मोबदला मागत ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. चार ओळींत संपणारी ही हकिकत आमच्याकडे इतक्या वर्षांनंतरही कोणी मोठ्या आवाजात सांगत नाही. भूसंपादनाची नोटीस आली की माणसं आधी या हकिकतीची आठवण काढतात.

नरडाण्याची एमआयडीसीही तालुक्यातलीच. शिवाय मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा मार्ग, १८ हजार कोटींच्या वर खर्च. रूळ पडायचे तेव्हा पडतील, पाट्या आधी पडल्या. 'प्रस्तावित रेल्वेपासून हाकेच्या अंतरावर' असं लिहिलेली वावरं आता इतकी आहेत की हाक कोणी कोणाला मारायची हा प्रश्नच आहे.

बेकायदा प्लॉटवाल्यांना गुन्हेगार म्हणणाऱ्यांतला मी नाही. डोक्यावर छप्पर हवं असणं हा गुन्हा नव्हे, आणि ज्या कायद्याने दोन गुंठ्यांची गरज साठ वर्षं ओळखली नाही, त्याचाही दोष आहेच. शहरांतही हेच झालं. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं माफ होती. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेऊन ठेवली. वीस वर्षांची उडी. आता तर वेगळी एनए परवानगीच काढून टाकण्याच्या दिशेने सरकार चाललंय. म्हणजे आप्पा टपरीवरून न उठता जिंकले.

पण माफीने कागद नीट होतो, गल्ली होत नाही. कायदेशीर ले-आउटला रुंद रस्ते सोडावे लागतात, मोठ्या क्षेत्रात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, गटारीचा उतार दाखवावा लागतो. या सगळ्यावर विक्रेत्याचे दोन-चार प्लॉट खर्ची पडतात, म्हणून तो ते टाळतो. ज्याने टाळलं तो पैसे मोजून धुळ्याला किंवा नाशिकला राहायला गेला. मागे राहिलेल्या गल्लीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. आत येताना तोंडाने येतो. वळायला जागा नाही, म्हणून बाहेर जाताना उलटा जातो. किन्नर मागच्या बाजूला उभा राहून 'आनं दे, आनं दे' ओरडतो, दोन्हीकडच्या ओट्यांवरच्या बाया हंडे पोटाशी धरून पाय वर घेतात, आणि एखाद्याच्या दारातल्या तुळशीवृंदावनाचा कोपरा दरवर्षी थोडा थोडा कमी होतो. सनद भिंतीवर लावली म्हणून टँकर वळत नाही. ॲम्ब्युलन्सची कथा वेगळी सांगायला नको.

तेव्हा आप्पांना माझा आदरपूर्वक विरोध आहे तो एवढ्यासाठी. कायदा मागाहून येतो हे खरं, पण एका वेळी तो तुमच्या आधी येतो आणि दारात उभा राहून विचारतो. विकास योजनेचा मसुदा तयार झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. ती निविदा आणि वडिलांच्या उत्तरकार्याच्या जाहिराती यांच्यामध्ये बारीक टायपात छापलेली असते, म्हणून दिसत नाही. नकाशा नगरपंचायतीत बघायला ठेवलेला असतो. हरकती-सूचना द्यायला कलम २६ खाली तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत टपरीवर जेवढ्या हरकती निघतात त्यांच्या शंभराव्या हिश्शाएवढ्यासुद्धा लेखी जात नाहीत. आपल्या गावच्या योजनेची सूचना आली की जा, आपला गट नंबर नकाशात शोधा, समोरचा रस्ता किती मीटरचा धरलाय ते बघा, आणि हरकत असेल तर मराठीत दोन ओळी लिहून द्या. वकील लागत नाही. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.